झडप ‘बदलणे’ की ‘बसवणे’?

रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतोय. शस्त्रक्रियेने हृदयात बसवलेली कृत्रिम झडप काही वर्षांनी बिघडली, की छाती न उघडता कॅथेटरमधून नवी पोचवतात, त्या ‘व्हॉल्व्ह-इन-व्हॉल्व्ह’बद्दल आहे. मी ‘झडपबदल’ लिहिलं, तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यावर लाल रेघ मारली. काय चुकलं?

— रेघ बरोबर आहे. बदलायचं तर जुनं काढावं लागतं. इथे जुनी झडप काढतच नाहीत. आवळून बारीक केलेली नवी झडप बहुधा मांडीच्या धमनीतून वर नेतात आणि जुन्या झडपेच्या आत उघडतात. जुन्या पाकळ्या कडेला दाबल्या जातात, कडं तिथंच राहतं आणि नवीला तोच आधार. इंग्रजीतही घोळ आहेच. महाधमनीची झडप अशी कॅथेटरने बसवण्याला अमेरिकेत ‘टावर’ म्हणतात, त्यातला ‘आर’ रिप्लेसमेंटचा. युरोपात ‘टावी’, त्यातला ‘आय’ इम्प्लांटेशनचा. 2002 साली फ्रान्समधल्या रुआँ इथे हृदयरोगतज्ज्ञ आलँ क्रिबिए यांनी माणसात पहिल्यांदा हे केलं, तेव्हाही रुग्णाची मूळची झडप जागेवरच होती.

— मग ‘झडप घालणे’?

— ते ससाण्यावर सोडा! ‘बसवणे’च. आणि उपचाराला सरळ ‘झडपेत झडप’ म्हणा, डब्यात डबा म्हणतो तसं. अडचणही त्यातच कळते: आतला डबा लहानच असणार. आधीची झडप 19 किंवा 21 मिलिमीटरची असली तर रक्ताची वाट फारच अरुंद होते. म्हणून कधीकधी जास्त दाबाच्या फुग्याने जुनं कडं मुद्दाम तडकवतात. ‘तडकवणे’च लिहा, ‘फोडणे’ वाचून रुग्ण उठून जाईल.

— ‘निकामी झडप’ चालेल?

— मला खटकतो. गायीच्या हृदयावरणाची किंवा डुकराच्या झडपेपासून केलेली जैविक झडप साधारण 10 ते 15 वर्षांत थकते. पाकळ्यांत कॅल्शियम साचून त्या ताठरतात, नाहीतर फाटून गळू लागतात. काम चालू असतं, नीट होत नसतं. ‘जीर्ण’ म्हणा. नुसतं ‘कृत्रिम’ही नको, कार्बन-धातूची यांत्रिक झडपसुद्धा कृत्रिमच, पण तिच्यात दुसरी बसवता येत नाही.

— कॅथेटर?

— लोकांना लघवीची पिशवी आठवते. ‘बारीक लवचीक नळी’ लिहा. आणि झडपेला ‘पडदा’ चुकूनही नको, हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असणं हे वेगळंच दुखणं.

— म्हणजे ‘जीर्ण जैविक झडपेत नळीवाटे नवी झडप बसवणे’. मथळ्याला लांब होतंय.

— होऊ दे.