सराभाईंचं विवर लहान, म्हणून अपमान? मला अजिबात पटत नाही

सहा_इंची
काल एका गटावर आलेली पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. पोस्टचा सूर असा: चंद्रावर मेघनाद साहांना ९९ किलोमीटरचं विवर, जगदीशचंद्र बोस आणि शिशिरकुमार मित्रांना नव्वदीच्या घरातलं, आणि विक्रम सराभाईंच्या वाट्याला जेमतेम ८ किलोमीटरचा खड्डा. हा भारताचा अपमान आहे, त्यांना मोठं विवर द्या. खाली 'सहमत, सहमत'ची रांग.

अहो, साहा, बोस, मित्रा आणि भाभा ही चारही विवरं चंद्राच्या पलीकडच्या बाजूला आहेत. जन्मभर गच्चीत बसलात तरी दिसणार नाहीत. सराभाईंचं अलीकडे आहे, सेरेनिटॅटिसच्या सपाट मैदानात. शुद्ध षष्ठीच्या आसपास तिथे सूर्य उगवतो. दुर्बिणीत आधी बेसेलचं विवर सापडतं, कारण त्या मैदानात ते एकटंच ठळक उभं असतं. तिथून थोडं ईशान्येला सरकायचं. मला तीन महिने लागले. एकदा ढग, एकदा हवा इतकी थरथरत होती की काही टिकेना, आणि तिसऱ्या महिन्यात दिसलं: मोहरीएवढा काळा ठिपका, एका कडेला उजेडाची बारीक कोर. आईला बोलावून दाखवलं. तिला म्हटलं, हे विक्रम सराभाई. ती किती तरी वेळ डोळा लावून उभी होती. साहांचं विवर मी तिला कधीच दाखवू शकणार नाही. माझ्यासाठी दिसतं ते मोठं.

स्पष्टवक्ता
ती पोस्ट मीच पुढे पाठवली होती आणि अजूनही मत तेच आहे. दिसतं म्हणून समाधान मानायचं? कर्त्या माणसाच्या नावाची पाटी कुणी बोळाला लावली तर घरचे गप्प बसतील का? अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, थुंब्याचं रॉकेट केंद्र, इस्रो, सगळं या एका माणसानं उभं केलं आणि बावन्नाव्या वर्षी गेला. त्यात ते विवर आधी 'बेसेल ए' होतं, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं शेपूट.

नकाशावेडा
तारखा बघा हो आधी. पलीकडच्या बाजूच्या विवरांना एकगठ्ठा नावं मिळाली १९७० साली. साहा, बोस, मित्रा, भाभा चौघंही त्या यादीतले, आणि चौघंही तेव्हा हयात नव्हते. सराभाई तेव्हा कामात होते. ते गेले ३० डिसेंबर १९७१ ला आणि १९७३ मध्ये विवराला त्यांचं नाव लागलंसुद्धा. आज तर मृत्यूनंतर किमान तीन वर्षं थांबायचा नियम आहे. अलीकडच्या बाजूची मोठी विवरं १६५१ पासूनच वाटली गेलीत, रिकामं राहिलं होतं कुठे?

आणि आकारावरच जायचं तर गॅलिलिओचं विवर १५ किलोमीटरचं आहे. ज्या बेसेलनं १८३८ मध्ये पहिल्यांदा एका ताऱ्याचं अंतर मोजून दाखवलं, त्याचं १६. नील आर्मस्ट्राँगचं साडेचार! चंद्रावर पाऊल ठेवलेल्या माणसाचं. त्याचा अपमान कुणी केला?

स्पष्टवक्ता
आर्मस्ट्राँगचं माहीत नव्हतं, ठीक आहे. पण मग पक्षपात नाही म्हणू नका. शुक्रावर आनंदीबाई जोशींच्या नावाचं विवर ३४ किलोमीटरचं आहे, सराभाईंच्या चौपट. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण खगोलशास्त्राशी काय संबंध? डॉक्टर झाल्या खऱ्या, दवाखाना मात्र एक दिवसही चालवता आला नाही.

डॉक्टरीणबाई
'मात्र'? हे मात्र कुठून आणलंत?

चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, कारण नीट वैद्यकीय मदतच मिळाली नाही. ती पोर फिलाडेल्फियाला गेली, थंडीनं आणि क्षयानं पोखरली गेली, तरी मार्च १८८६ मध्ये एम.डी. होऊन दाखवलं. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये गेली, एकविसाव्या वर्षी. तिनं दवाखाना चालवला नाही हा तिचा दोष आहे का?

मी शस्त्रक्रियेला प्रवेश घेतला तेव्हा वरिष्ठांनी तोंडावर सांगितलं, एक जागा फुकट गेली. पंचवीस वर्षं झाली, ते वाक्य गेलेलं नाही. म्हणून आनंदीबाईच्या नावापुढे कुणी 'मात्र' लावला की मला राग येतो, आणि येणारच.

नकाशावेडा
शुक्रावरच्या विवरांना स्त्रियांचीच नावं द्यायची असा नियम आहे, वीस किलोमीटरच्या वरची कर्तृत्ववान स्त्रियांची. तिथे डॉ. जेरुशा झिराड यांचंही विवर आहे, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या. खगोलशास्त्राची अट नाहीच.

सहा_इंची
विषय सराभाईंचा होता. परत येऊ या का?

डॉक्टरीणबाई
नाही. आधी 'मात्र' मागे घ्या. आणि तुम्हीसुद्धा 'दिसतं ते मोठं' म्हणालात. शुक्र कायम ढगांखाली. आनंदीबाईचं विवर रडारनंच सापडलं, कुठल्याही गच्चीवरून दिसणार नाही. मग ते कमी का?

सहा_इंची
हे मी असं तपासून पाहिलं नव्हतं. कमी नाही. माझं ते वाक्य चुकलं.

विजापूरकर
कुणी किलोमीटर मोजतंय, कुणी नियम. माझं आजोळ विजापूर जिल्ह्यातलं. १९७५ साली तिथल्या शाळेच्या आवारात उपग्रहाचे संदेश पकडणारी भली मोठी, कोंबड्यांच्या जाळीची छत्री उभी राहिली आणि संध्याकाळी सगळं गाव टीव्हीसमोर जमिनीवर बसलं. तोवर गावानं टीव्ही पाहिलेला नव्हता. उपग्रह अमेरिकेचा होता, पण तो देशभरातल्या २४०० खेड्यांसाठी वापरायचा, शेती-आरोग्याचं थेट दाखवायचं, ही ओढ सराभाईंची. ते बघायला सराभाई नव्हते. मामी सांगायची, बाळाला जुलाब झाले तर पाणी तोडायचं नाही, हे तिला त्या पडद्यानं शिकवलं. मामेभाऊ आज पन्नाशीचा आहे.

डॉक्टरीणबाई
हे वाचून थांबले. मामींना नमस्कार सांगा.

स्पष्टवक्ता
'मात्र' मागे घेतो. बाई, तुमच्या वरिष्ठांच्या रांगेत मला उभं करू नका. १९७० चा मुद्दाही मान्य, ती पोस्ट काढून टाकतो. पण आठ किलोमीटर मला अजूनही कमीच वाटतात आणि ते कुणी बदलू शकणार नाही.

नकाशावेडा
रुंदी आठ, पण खोली सुमारे १.७ किलोमीटर आहे. चंद्रयान-२ नं काढलेली त्याची त्रिमितीय छायाचित्रं इस्रोनं २०२० मध्ये प्रसिद्ध केलीत. कडा बघा, किती रेखीव आहे.

स्पष्टवक्ता
पाहिली. येत्या षष्ठीला दुर्बीण लावणार असाल तर कळवा, सहा_इंची. मुलीला घेऊन येतो.