फोरट्रानला निवृत्त करण्याआधी

'फोरट्रान १९५७ सालचं, आता त्याला नारळ द्या आणि सगळं पायथनमध्ये आणा', असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा. अहो, पण पायथनमध्ये मॅट्रिक्सची समीकरणं सोडवता तेव्हा नमपाय हे त्याचं गणिताचं पॅकेज ते काम लॅपॅक नावाच्या तयार गणिती प्रोग्रामांच्या संचाकडे सोपवतं, आणि लॅपॅक मुळात फोरट्रानमध्येच लिहिलेलं आहे. म्हणजे म्हातारा घरातच आहे, फक्त माजघरात बसलाय.

माझा राग भाषेवर नाही, जुन्या सवयींवर आहे. इथे इंदूरला पीएचडी करताना सरांनी त्यांच्या गुरूंचा कोड दिला होता, फोरट्रान ७७चा. त्यात ओळीचे ७२ रकाने (एका अक्षराला एक) संपले की पुढचं कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, मुकाट्याने सोडून देतो. भोकं पाडलेल्या कार्डांवर, म्हणजे पंचकार्डांवर, प्रोग्राम लिहायच्या काळातली रीत. मी एका सूत्रात एक पद वाढवलं आणि ०.१२५ मधला ५ नेमका ७३व्या रकान्यात सरकला. एरर नाही, काही नाही. ०.१२ धरून प्रोग्राम आठवडाभर इमानदारीत चुकीची उत्तरं देत राहिला. सापडलं तेव्हा रात्रीचे अकरा; तडक सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला.

फोरट्रान ९०पासून मोकळ्या मांडणीत, ७२ रकान्यांच्या बंधनाशिवाय, लिहिता येतं; 'इम्प्लिसिट नन' ही ओळ टाकली की आधी जाहीर न केलेलं व्हेरिएबल (किमतीला दिलेलं नाव) लगेच पकडलं जातं. आधी एवढं करा. सगळा कोड नव्याने लिहायचाच असेल, तर जुन्याची उत्तरं जपून ठेवा. नाहीतर नवा बरोबर चालतोय हे ताडून बघणार कशाशी?