वस्तू कोणाची, नाव कोणाचं? तुमचे अनुभव लिहा

राण्यांबद्दल थोडंफार तरी लिहिलं जातं. इथे घरातल्या वस्तूंबद्दल लिहूया : बाईच्या हातात रोज असलेली, पण तिच्या कामाची कुठे नोंद नसलेली. 'मायेचा हात' वगैरे नको. काम काय होतं, पैसे मिळायचे का, ते सांगा.

सुरुवात माझी. आमच्या पितळी डब्यावर आजोबांचं नाव आहे. डबा आजीने भिशीच्या पैशातून घेतला. कोरणाऱ्याने विचारलं, "मालकांचं नाव?" नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तेही शेजारणीने सांगितलं!

सोलापूरहून
माझी वस्तू विडीच्या पानाचा पत्र्याचा फर्मा. पानावर ठेवायचा आणि कात्रीने त्या मापाचं पान कापायचं. आई रात्री पानं भिजवून ठेवी, सकाळी सूप मांडीवर घेऊन बसे. पानात चिमूटभर तंबाखू, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मिटायचं. मजुरी हजारावर. खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे कापत, विड्या मात्र परत देत नसत. आम्ही पोरं जुड्या बांधायला. शिरगणतीवाल्याला बाबांनी सांगितलं, "ती घरीच असते." पुढे २००६ साली सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, तेव्हा कुठे 'घरीच' असणाऱ्या किती आहेत ते गावाला दिसलं.

मावळातून
जातं. दळणाऱ्या बायकांच्या लाखावर ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी गावोगाव हिंडून जमवल्या, हे मोठंच काम. पण जातं बोथट झालं की "टाकीऽऽ" ओरडत येणारी बाई? डोळे किलकिले करून छन्नी-हातोडीने दगडाला दाते पाडायची. मजुरी पसाभर धान्य. (त्यानंतरचं पहिलं दळण टाकून द्यायचं, कचकच लागते.) तिचं नाव आळीत कोणालाच माहीत नव्हतं. टाकीवाली, बस्स.

दादरहून
लाटणं! १९७२ च्या सुमाराला महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी काढलेल्या लाटणे मोर्चात आत्या लाटण्याने थाळी बडवत गेली होती. आजी ओरडली ती मोर्चावरून नाही, थाळीला पोचे पडले म्हणून. तुमच्या घरचं कोणी त्या मोर्चाला गेलं असेल तर विचारून लिहा. आत्याला मागण्या विचारल्या की ती तेलाचे नि रॉकेलचे तेव्हाचे भावच सांगत बसते.