श्रीरामपूर कॉलेजात वैजनाथ पंडितांची पाटी हवी की नको?

हुगळीकाठ : कामासाठी कोलकात्यात होतो. रविवारी हावड्याहून लोकल धरली आणि श्रीरामपूर गाठलं. (आपलं नगरचं नव्हे, हुगळीवरचं, एकेकाळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेलं.) विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेलं कॉलेज नदीला तोंड करून उभं आहे. पुढे उंच खांबांची ओळ, पलीकडच्या काठाला बराकपूर. केरींच्या खुणा जागोजागी. पण केरींचं १८०५ चं मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी टायपातला मराठी कोश ज्यांच्या मदतीने झाला, त्या पंडित वैजनाथ शर्मांचं नाव कुठे दिसलं नाही. महाराष्ट्राने तिथे पाटी लावण्यासाठी पाठपुरावा करावा, असं मला वाटतं.

तांबटआळी : साल तुम्हीच दिलंत आणि तुम्हीच विसरलात. व्याकरण १८०५, कोश १८१०, कॉलेज १८१८. त्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा ही पुस्तकं छापून जुनी झाली होती. पंडित नोकरीला होते कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात. ते वेगळं कॉलेज, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या नोकरांना इथल्या भाषा शिकवणारं. कुणाचं बारसं, कुणाच्या घरी पेढे? आणि पाटीच लावायची तर आधी मिरजेला लावा. नाना फडणविसांनी पुण्यातल्या तांबटाला अक्षरं कोरायला शिकवलं आणि त्यातून मिरजेत १८०५ मध्ये गीता छापली गेली. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावलि' निघाली. त्यांच्यासाठी लोकल कोण पकडतो?

हुगळीकाठ : सालांचा मुद्दा मान्य. पण पैशाकडे बघा. केरी फोर्ट विल्यममध्ये बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. पगार सुरुवातीला महिना ५०० रुपये, पुढे १०००. त्यातला थोडाच घरखर्चाला ठेवून बाकी सगळा मिशनला. कॉलेजच्या बांधकामाला या तिघांनी आपल्याच कमाईतून मोठा हातभार लावला. म्हणजे कंपनीच्या गोऱ्या पोरांना 'मी जातो, तू जातोस' घोकवून मिळालेला पैसाही त्या खांबांत आहे. आणि मराठीच्या त्या शिकवणीत पंडितांचा वाटा नव्हता?

दौतटाक : पैसा कशासाठी खर्च झाला तेही सांगा की. उद्देश धर्मप्रसार हाच होता. व्याकरण निघालं त्याच वर्षी बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं. मराठीही अशी की मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे नव्याने भाषांतर केलं. त्यांचा नवा करार १८२६ चा. अशा इमारतीला आपण हार का घालायचे?

ओसरी : दौतटाक, उद्देश लपवलेला नव्हताच. पण कॉलेज सुरू झालं तेव्हा ३७ विद्यार्थी होते, त्यांत १९ ख्रिस्ती आणि १४ हिंदू. संस्कृत आणि युरोपीय शास्त्रं दोन्ही शिकवायची, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. १८४५ मध्ये गाव इंग्रजांना विकलं, तेव्हाही करारात ती सनद शाबूत राहिली. आज पुण्यात ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी मिळते तीही श्रीरामपूरच्याच सिनेटची. तेव्हा इमारतीशी आपलं नातं आजही आहे, फक्त तुम्हाला हवं तसं नाही.

दौतटाक : नातं असेल. हार घालणार नाही म्हणालो, पाडा म्हणालो नाही.

तांबटआळी : पैशाचा मुद्दा मी तोडू शकलो नाही, कबूल. तरी पाटी कॉलेजवर चुकीचीच. कोशाच्या मुखपृष्ठावर केरी एकटेच आहेत. पंडितांचं नाव आज जो कुणी तो कोश पुन्हा छापेल त्याने आत टाकावं, तिथे ते शोभेल.

हुगळीकाठ : छापा की, पण पाटीही लावू. मोडीत.

तांबटआळी : मोडीत लावणार असाल तर विरोध मागे. वाचायला मात्र तुम्हीच जा, आणि येताना मिरजेत उतरा.