मदत हवी आहे: ‘बडी धेंडं’ कुठे चालतं?

‘सेलेब्ज’साठी बोली मराठी शब्द हवा आहे. ‘बडी धेंडं’ सुचतं, पण त्यात पैसा, वजन आणि थोडा संशयही येतो. घोटाळ्याच्या बातमीत ते चपखल बसतं. लोकांच्या लाडक्या गायिकेला लावलं तर चक्क अपमान होतो. ‘दिग्गज’ म्हणावं तर त्यामागे कर्तृत्व लागतं, नुसती प्रसिद्धी पुरत नाही. ‘मान्यवर’ थेट व्यासपीठावरचं.

‘बडी असामी’ जवळचं वाटतं, पण व्याकरण अडतं. शब्द स्त्रीलिंगी, माणूस पुरुष: मग ‘ती बडी असामी आली’ की ‘ते बडी असामी आहेत’? आणि अनेकवचन ‘असामी’च ठेवायचं की ‘बड्या असाम्या’? तुमच्या भागात बोलताना काय म्हणतात, पूर्ण वाक्यासकट सांगाल का?