मेनू मधोमध आणायचा हट्ट सोडा, नेव्हबार डावीकडून लावा

सरळरेषा

वेबसाइटचा हेडर, म्हणजे पानाच्या वरची पट्टी (नेव्हबार), करायला घेतला की एक मागणी हमखास येते: डावीकडे लोगो, उजवीकडे लॉगिनचं बटण आणि मेनू बरोब्बर मधोमध. माझं मत असं की हा हट्ट सोडावा, म्हणून हा धागा काढलाय. लोगो संपला की लगेच मेनू सुरू करावा, पुढची जागा मोकळी राहू द्यावी आणि बटण टोकाला न्यावं.

बहुतेक जण सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या भाषेत) पट्टीला डिस्प्ले: फ्लेक्स (सगळे डबे एका ओळीत) आणि जस्टिफाय-कंटेंट: स्पेस-बिटवीन देतात आणि मेनू मधे आला असं धरून चालतात. तो मधे आलेला नसतो. स्पेस-बिटवीन फक्त उरलेली जागा दोन्ही फटींमध्ये सारखी वाटतं. लोगो १८० पिक्सेल रुंद आणि बटण ६० पिक्सेल असेल, तर मेनू पट्टीच्या खऱ्या मध्यापासून ६० पिक्सेल उजवीकडे बसतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रुंदीतल्या फरकाच्या निम्मा. आता लॉगिन केल्यावर बटणाच्या जागी वापरणाऱ्याचं लांबलचक नाव आलं, की सगळा मेनू डावीकडे सरकतो. मेनूत काहीच बदललेलं नाही, तरी ‘संपर्क’ची लिंक मघाच्या जागी सापडत नाही.

यावर उपाय म्हणून पोझिशन: ॲब्सोल्यूट, लेफ्ट ५०% आणि ट्रान्सफॉर्मने उणे ५०% सरकवणं चालतं. मेनू मधे येतो खरा, पण तो फ्लोमधून, म्हणजे पानाच्या नेहमीच्या मांडणीतून, बाहेर पडलेला असतो. लोगोला त्याच्यासाठी जागा सोडायची असते हे ब्राउझरला कळायला मार्ग नसतो, आणि खिडकी अरुंद केली की ‘मुख्यपान’ सरळ लोगोवर चढतं.

डावीकडून लावायला काय लागतं? पट्टीला फ्लेक्स, थोडा गॅप आणि शेवटच्या बटणाला मार्जिन-लेफ्ट: ऑटो (उरलेली सगळी जागा बटणाच्या डावीकडे). उद्या मेनूच्या शेवटी एक लिंक वाढली तर आधीच्या सगळ्या जागच्या जागी राहतात. मधोमधच्या मेनूत एक लिंक वाढली की सगळ्या हलतात. रोज येणाऱ्या माणसाचा हात जागेच्या सवयीवर चालतो, आणि ती सवय मोडायचा हक्क आपल्याला नाही असं मला मनापासून वाटतं.

ग्रिडवाली

अजिबात सहमत नाही. तुम्ही स्पेस-बिटवीनचा दोष मधोमध मांडणीच्या माथी मारताय.

पट्टीला ग्रिड करा आणि तीन कॉलम द्या: १एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा), ऑटो (आतल्या मजकुराइतकी रुंदी), १एफआर. दोन्ही बाजूंचे कॉलम सारखेच रुंद, म्हणून मधला कॉलम खऱ्या मध्यावर. त्यातही एक खाच आहे: नुसत्या १एफआरची किमान रुंदी ‘ऑटो’ असते, म्हणजे नाव फारच लांब आलं तर तो कॉलम आपल्या वाट्यापेक्षा फुगतो आणि मध्य ढळतो. म्हणून मिनमॅक्स वापरून किमान शून्य आणि कमाल १एफआर असं लिहायचं. मग लॉगिनच्या आधी आणि नंतर मेनू एक पिक्सेलही हलत नाही. फ्लेक्समध्येच राहायचं असेल तर दोन्ही बाजूंच्या डब्यांना फ्लेक्स: १ द्या, जवळपास तोच परिणाम मिळतो.

ग्रिड २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम ५७, फायरफॉक्स ५२ आणि सफारी १०.१ या तिघांतही आलं. इतक्या वर्षांनी ॲब्सोल्यूटची उदाहरणं देऊन मधल्या मेनूला नावं ठेवणं बरोबर नाही.

आणि मधोमध मेनू म्हणजे नुसती हौस नव्हे. चार लिंकांची साइट रुंद पडद्यावर उघडा. लोगो आणि चारही लिंका डाव्या कोपऱ्यात गोळा झालेल्या, पुढे हजारभर पिक्सेल ओसाड आणि टोकाला एकटं बटण. खालचा सगळा मजकूर मधल्या कॉलममध्ये असताना मेनू कोपऱ्यात का ठेवायचा?

सरळरेषा

ग्रिडचं गणित बिनचूक आहे, मान्य. पण किमान शून्य लिहिलंत की लांब नाव कॉलमच्या बाहेर सांडणार, म्हणजे ओव्हरफ्लो: हिडन आणि टेक्स्ट-ओव्हरफ्लो: एलिप्सिस आलंच. डावीकडच्या कॉलममध्ये जागा मोकळी पडलेली आणि उजवीकडे माणसाचं नाव तीन टिंबांत कापलेलं. सममितीसाठी ही किंमत मला जास्त वाटते.

ओसाड जागेचं म्हणाल तर हेडरच्या आतल्या डब्याला मजकुराइतकीच मॅक्स-विड्थ द्या. मग मेनू मजकुराच्या डाव्या कडेला येऊन बसतो आणि कोपऱ्यात पडल्यासारखा दिसत नाही.

जुनाफ्लोट

दोघांचं वाचलं. धागालेखकांना एक विचारायचंय: डावीकडून लावणं हे तत्त्व म्हणून आलं, की सवय म्हणून?

१९९६ साली सीएसएसची पहिली शिफारस आली तेव्हापासून फ्लोट आहे. तो चित्राभोवती मजकूर वाहावा म्हणून होता. मेनू मांडायला आम्ही तो जुंपला, कारण दुसरं सोयीचं काही नव्हतं. फ्लोटला डावं आणि उजवं आहे, मधलं नाही. वर आणखी त्रास असा, की यादीतल्या सगळ्या लिंका फ्लोट केल्या की यादीची स्वतःची उंची शून्य होते आणि पट्टीचा रंगच गायब होतो. त्यासाठी क्लिअरफिक्स नावाचा सीएसएसचा तुकडा लावत बसायचं. ज्यांना मधे हवं होतं ते इनलाइन-ब्लॉक आणि टेक्स्ट-अलाइन: सेंटर वापरायचे. त्यात एचटीएमएलमधल्या (पानाच्या मूळ कोडमधल्या) नव्या ओळीचीच फट दोन लिंकांमध्ये पडायची, १६ पिक्सेलच्या अक्षराला साधारण चार पिक्सेल. ती घालवायला लोक दोन ओळींमध्ये कॉमेंट टाकायचे. अशा कटकटीपेक्षा डावीकडे फ्लोट बरा, म्हणून जिकडेतिकडे डावा मेनू दिसू लागला.

फ्लेक्सबॉक्सचा पहिला मसुदा २००९ चा. त्याचं लिखाणही बदलत गेलं: आधी डिस्प्ले: बॉक्स, मग फ्लेक्सबॉक्स, शेवटी फ्लेक्स. फ्लेक्समधला गॅप तर फायरफॉक्समध्ये २०१८ ला, क्रोममध्ये २०२० ला आणि सफारीत २०२१ ला आला. तोवर प्रत्येक लिंकला मार्जिन आणि शेवटच्या लिंकचं मार्जिन शून्य, हेच चालू होतं.

सांगायचा मुद्दा, त्या काळच्या साधनांची मर्यादा आज नियम म्हणून सांगू नये. मी ग्रिडवालींच्या बाजूने.

टॅबकी

मी धागालेखकांच्या बाजूने, पण माझं कारण निराळं आहे. पडदा मोठा करून वाचणाऱ्यांचा विचार वर कुणीच केलेला नाही. स्क्रीन मॅग्निफायर वापरणाऱ्याला एका वेळी पडद्याचा एक तुकडाच दिसतो. लोगो दिसला आणि त्याला लागून मेनू असला तर तो त्याच तुकड्यात सापडतो. मधे रिकामी जागा सोडलीत तर उजवीकडे काही आहे हे कळायला त्याला चाचपडत जावं लागतं.

आणि मेनू कुठे असावा यावर इतकं लिहिताना, लिंकवर बोट नीट टेकतं का हे कोण बघणार? पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली जागा) मेनूच्या यादीतल्या कलमाला दिलं तर डबा मोठा दिसतो, पण दाबता येतो तो मधला शब्दच. पॅडिंग लिंकलाच द्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक नियमांत) एए या मधल्या पातळीवर २४ बाय २४ पिक्सेलचं किमान माप आहे, त्यापेक्षा लहान लक्ष्य असेल तर आजूबाजूला पुरेशी जागा तरी सोडावी लागते. एएए या सगळ्यात कडक पातळीचं माप ४४ बाय ४४ आहे. मेनूसाठी मी तेच धरते.

सरकण्याची गोष्ट निघालीच आहे तर अजून एक. चालू पानाची लिंक किंवा माऊस नेलेली लिंक ठळक करायची पद्धत फार आहे. ठळक अक्षर जास्त रुंद असतं, त्यामुळे शेजारच्या सगळ्या लिंका थरथरतात, मग मेनू डावा असो की मधला. उपाय आहे: प्रत्येक लिंकच्या आफ्टर स्यूडो-एलिमेंटमध्ये (सीएसएसने लिंकच्या शेवटी जोडलेल्या तुकड्यात) तोच मजकूर ठळक करून ठेवा, उंची शून्य, व्हिजिबिलिटी: हिडन. लिंक आधीपासूनच ठळक शब्दाइतकी रुंद राहते, हलत नाही. नाहीतर ठळक करूच नका, खाली रेघ द्या. आणि चालू पान नुसतं रंगाने दाखवू नका. लिंकवर एरिया-करंट (चालू पान कोणतं ते सांगणारं एचटीएमएलचं ॲट्रिब्यूट) लिहा आणि सीएसएसचा सिलेक्टर त्याच ॲट्रिब्यूटवर लावा. दिसणाऱ्याला खूण मिळते आणि पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही ‘चालू पान’ असं सांगतो.

हात जोडून विनंती, सीएसएसचं ऑर्डर वापरून लिंका पुढेमागे करू नका. ऑर्डर फक्त दिसण्यातला क्रम बदलतो. टॅब दाबत जाणाऱ्याचा फोकस एचटीएमएलच्या क्रमाने जातो, म्हणजे पट्टीवर उड्या मारत.

ग्रिडवाली

टॅबकी, मॅग्निफायरचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. बाकी पॅडिंग, ठळकपणा, ऑर्डर हे सगळं मधोमध मेनूलाही तितकंच लागू आहे, त्यामुळे ते धागालेखकांच्या पारड्यात टाकू नका.

उभ्या मांडणीचं मात्र कुणी बोललंच नाही. सगळे डोळे मिटून अलाइन-आयटम्स: सेंटर लिहितात. लोगो २८ पिक्सेलच्या अक्षरांत आणि मेनू १६ च्या, तर सेंटरने दोन्ही डबे मधे येतात, पण अक्षरं एका रेषेवर बसत नाहीत. मेनू किंचित वर तरंगल्यासारखा दिसतो. लोगो मजकुराचा असेल तर बेसलाइन (अक्षरं टेकतात ती रेषा) द्या, लगेच फरक दिसेल. लोगो चित्र असेल तर बेसलाइन नको, कारण चित्राची खालची कडाच बेसलाइन धरली जाते आणि सगळा मेनू तळाशी जातो.

बहुभाषी

‘डावीकडून’ हा शब्दच मला खटकतो. अरबी, उर्दू, हिब्रू पानं उजवीकडून सुरू होतात. तिथे मार्जिन-लेफ्ट: ऑटो लिहिलंत तर बटण टोकाला जायच्या ऐवजी मेनूला चिकटेल. मार्जिन-इनलाइन-स्टार्ट (ओळ सुरू होते त्या बाजूचं मार्जिन) लिहा, पानाची दिशा बदलली की ते आपोआप उलटतं. म्हणजे वाद ‘सुरुवातीकडून की मधोमध’ असा आहे, आणि त्यात मी सुरुवातीच्या बाजूने आहे, कारण भाषांतर केल्यावर लिंकांची लांबी कशी बदलेल याचा भरवसा नसतो. इंग्रजीत एका छोट्या शब्दाची लिंक जर्मनमध्ये दुप्पट होऊ शकते. मधोमध मेनू प्रत्येक भाषेत वेगळ्या जागी सुरू होतो. सुरुवातीकडून लावलेला सगळ्या भाषांत एकाच जागी.

एक जुनी सवय अजून जागोजाग दिसते: हाइट ५० पिक्सेल आणि लाइन-हाइटही ५० पिक्सेल, म्हणजे मजकूर उभा मधे येतो. लेबल लांब होऊन दोन ओळींत गेलं की दुसरी ओळ आणखी ५० पिक्सेल खाली, पट्टीच्या बाहेर, पानाच्या मजकुरावर. हाइटऐवजी मिन-हाइट द्या आणि मधे आणायचं काम अलाइन-आयटम्सवर सोपवा.

देवनागरी मेनूला तर लेटर-स्पेसिंग लावूच नका. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. लाइन-हाइट १ ठेवून वर ओव्हरफ्लो: हिडन दिलं तर वेलांट्या आणि उकार छाटले जाण्याचा धोका असतो.

छोटापडदा

फोनवर पट्टी अरुंद झाली की हा वाद निकालात निघतो, हे कसं कुणाला दिसत नाही? जागा कमी पडली की लोक सगळं हॅम्बर्गरमध्ये कोंबतात. ते तीन रेघांचं चिन्ह डिझायनर नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टार या संगणकासाठी केलेलं, १९८१ सालचं. आता ते मोठ्या पडद्यावरही दिसतं, आणि हे मला पटत नाही. झाकलेला मेनू लोक कमी शोधतात आणि कमी वापरतात, हे नील्सन नॉर्मन ग्रुप या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अभ्यासातून मांडलेलं आहे. पाच लिंका असतील तर फ्लेक्स-रॅप: रॅप करून दोन ओळी होऊ द्या, किंवा ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो देऊन पट्टी आडवी सरकू द्या.

आणि इथेच मधोमधवाल्यांचं घोडं पेंड खातं. सरकत्या पट्टीला जस्टिफाय-कंटेंट: सेंटर असेल आणि लिंका मावत नसतील, तर जादा भाग दोन्ही बाजूंना सारखा बाहेर जातो. उजवीकडे गेलेला भाग सरकवून बघता येतो. डावीकडे गेलेला येत नाही, कारण स्क्रोल शून्याच्या मागे जातच नाही. म्हणजे फोनवर ‘मुख्यपान’ ही पहिली लिंक अर्धी कापलेली, आणि कितीही ओढलं तरी न दिसणारी. मोठ्या पडद्यावर तपासून पुढे गेलेल्याला याचा पत्ताही लागत नाही.

ग्रिडवाली

छोटापडदा, दोष खरा आहे, पण त्याचे उपाय सीएसएसमध्येच आहेत. नव्या ब्राउझरांत सेफ सेंटर लिहिता येतं: मावलं तर मधे, नाहीतर सुरुवातीपासून. जुन्यांसाठी सेंटर न लिहिता पहिल्या लिंकला मार्जिन-इनलाइन-स्टार्ट: ऑटो आणि शेवटच्या लिंकला मार्जिन-इनलाइन-एंड: ऑटो द्या. जागा उरली तर दोन्ही ऑटो ती वाटून घेतात. नाही उरली तर ते शून्य होतात आणि पहिली लिंक काठाला दिसते.

मॅग्निफायर आणि भाषांतराच्या मुद्द्यांनंतर मी इतकं मान्य करते, की लिंका पाचसहाच्या वर असतील किंवा साइट अनेक भाषांत असेल तर सुरुवातीकडून लावणंच बरं. पण तीनचार लिंका, एक भाषा, लॉगिन नाही, अशा साइटलाही ‘मधे आणू नका’ म्हणणं मला मान्य नाही. तिथे मी कंटेनर क्वेरी (डब्याच्या रुंदीप्रमाणे सीएसएस बदलायची सोय) लावून रुंद पट्टीत मधे आणि अरुंद पट्टीत सुरुवातीला असंच ठेवणार. २०२३ च्या फेब्रुवारीत फायरफॉक्स ११० आल्यापासून ती तिन्ही प्रमुख ब्राउझरांत चालते.

सरळरेषा

तुमच्या तीनचार लिंकांच्या साइटवर माझा आक्षेप कमी आहे, पण कंटेनर क्वेरीवर आहे. टॅब्लेट आडवा धरला की मेनू मधे, उभा धरला की कडेला: एकाच माणसाला एकाच साइटवर दोन जागा लक्षात ठेवायला लावताय. शिवाय तीन लिंकांच्या किती साइट पुढे तीनच लिंकांच्या राहतात? विभाग वाढतात, कुणीतरी चौथी-पाचवी लिंक जोडतं, आणि त्या दिवशी हेडरचं सीएसएस उघडून बघायला कुणालाच सवड नसते.

टॅबकी

जाता जाता, जे कुणी हा हेडर पोझिशन: स्टिकी (स्क्रोल करतानाही वर चिकटलेला) करणार असतील त्यांच्यासाठी: एचटीएमएल एलिमेंटला स्क्रोल-पॅडिंग-टॉप द्या, पट्टीच्या उंचीइतकं. नाहीतर पानातल्या पानात उडी मारणाऱ्या लिंकेने मथळा पट्टीखाली झाकला जातो. शिफ्ट-टॅबने वर येताना फोकस असलेली लिंकही पट्टीमागे पूर्ण झाकली जाऊ शकते, आणि डब्ल्यूसीएजी २.२ च्या एए पातळीला ते चालत नाही. स्टिकी चिकटतच नसेल तर आधी वरच्या एखाद्या डब्याला ओव्हरफ्लो: हिडन आहे का ते बघा.