पाय मुरगळल्यावर शेक द्यावा की बर्फ लावावा?

प्रश्न (दर्यापूर तालुका, अमरावती)
काल सायंकाळी सोयाबीनच्या वावरातून परतताना धुऱ्यावर वडिलांचा पाय मुरगळला आणि घरी पोचेपर्यंत घोटा चांगलाच सुजला. आजी तव्यावर फडके गरम करून शेकायला सांगते, शेजारचे काका बर्फ लावा म्हणतात. वडिलांना मधुमेह आहे. घरात फ्रीज नाही. काय करावे, कृपया सांगावे.

उत्तर (आरोग्यसेविका, यवतमाळ जिल्हा)
सध्या शेक अजिबात देऊ नका. मुरगळल्यावर आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊन सूज येते. उष्णतेने त्या रुंदावतात आणि सूज आणखी चढते, तर थंडाव्याने आकुंचन पावतात व वेदनाही कमी होते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस, दर दोन-तीन तासांनी, १५ ते २० मिनिटे थंडावा द्यावा. बर्फ मिळाल्यास तो ओल्या फडक्यात गुंडाळूनच लावावा, कारण थेट लावलेल्या बर्फानेही कातडी पोळते. तोवर माठातल्या पाण्यात भिजवलेली घडी वारंवार बदलत ठेवली तरी बरेच बरे वाटते. पाय उशीवर उंच ठेवावा.

उत्तर (निवृत्त कंपाउंडर, वर्धा)
ताईंचे म्हणणे योग्य आहे, पण मधुमेहाकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे चटका बसला किंवा कातडी गारठून इजा झाली तरी त्यांना कळत नाही. तळवे बधिर असतील तर बर्फ किंवा शेक यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. संवेदना चांगली असली तरी दर पाच मिनिटांनी कातडी पाहावी. ती पांढरी किंवा निळसर दिसली तर थंडावा लगेच थांबवावा.

आजींचा शेकही उपयोगी आहे, मात्र तो सूज उतरल्यावर उरलेल्या आखडलेपणासाठी, किंवा दिवसभर वाकून कापूस वेचल्याने धरलेल्या कमरेसाठी. तेव्हाही फडके आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि रबरी पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नये.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. तळव्यांना स्पर्श नीट कळतो, म्हणून ओली घडी सुरू केली आहे. एक्स-रे काढावा लागेल का?

उत्तर (आरोग्यसेविका)
चार पावलेही टाकता येत नसतील, घोट्याच्या हाडावर बोट दाबताच असह्य दुखत असेल किंवा पाय वाकडा दिसत असेल, तर आजच ग्रामीण रुग्णालयात न्यावे. तिथे मधुमेह असल्याचे आवर्जून सांगावे.